पुण्याहून स्की टूरिंगला: लाहौलचा बर्फ, आदल्या रात्रीची आखणी आणि परत फिरणं

खिंडकरी

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही चौघं मित्रमैत्रिणी हिमाचलातल्या लाहौलला स्की टूरिंग करून आलो. हिवाळी ट्रेकवर इथे बरंच लिहिलं जातं, स्की टूरिंगवर मात्र फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. ज्यांना जायचंय त्यांनी मोकळेपणाने विचारा. ज्यांना हे सगळं वेडेपणाचं वाटतं त्यांनीही लिहा, त्यावरच बोलायचं आहे.

आधी हा प्रकार काय ते सांगते. गुलमर्ग किंवा औलीला आपण जे स्कीइंग पाहतो त्यात गोंडोला किंवा लिफ्ट वर नेऊन सोडते आणि आपण खाली येतो. टूरिंगमध्ये लिफ्ट नाही. चढायचं तेही स्कीवरच. बूट फक्त बोटांपाशी दोन पिनांवर अडकतो आणि टाच मोकळी राहते, म्हणून चालता येतं. माथ्यावर पोचलं की टाच अडकवायची आणि उतरायला लागायचं. ही पिनांची बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी जोडणी, ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८० च्या दशकात तयार केली. त्याआधीची बाइंडिंग इतकी जड असायची की दिवसभराच्या चढाईत पाय गळून जात.

लाहौल का निवडलं? ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला. त्याआधी ३,९७८ मीटरवरचा रोहतांग बंद झाला की हे खोरं महिनोन्महिने तुटलेलं असायचं. आता ९ किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे गेलं की थेट चंद्रा नदीच्या काठी, ३,१०० मीटरच्या आसपास, सिस्सूच्या बाजूला बाहेर पडतो. मोठा बर्फ झाल्यावर बोगद्यापर्यंतचा रस्ता बंद होतो किंवा फक्त चेन लावलेल्या फोर बाय फोर गाड्या सोडतात, त्यामुळे हाताशी मोकळे दिवस ठेवावे लागतात. पुण्याहून आम्ही गोवा एक्सप्रेसने दिल्ली गाठली, तिथून रात्रीच्या बसने मनाली. मनालीत थांबलो, अंगाला थंडीची आणि उंचीची सवय होऊ दिली, मगच पलीकडे गेलो.

तळ एका गावातल्या घरात होता. मधल्या खोलीत तंदूर, त्याभोवती घरातली सगळी माणसं आणि त्यांच्यात आम्ही. रोज सकाळी तिथून निघायचं, वेगळ्या बाजूच्या उतारावर जायचं, दुपारी परत यायचं. एक मुक्काम वर तंबूत केला. उतारांची आणि घळींची नावं मुद्दाम देत नाही. बर्फ दर आठवड्याला बदलतो आणि माझं वर्णन वाचून कुणी त्याच घळीत शिरावं असं मला वाटत नाही.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. सह्याद्रीत आपण धोका डोळ्यांनी बघतो. घसारा दिसतो, कडा दिसतो, पावसात शेवाळलेला कातळ दिसतो. बर्फाचा उतार वरून सगळीकडे सारखाच पांढरा आणि सुंदर असतो, धोका त्याच्या आत दोन थरांच्या मधे असतो. पट्टीचा ट्रेकरसुद्धा नुसत्या नजरेने तो ओळखू शकत नाही. त्यात वर गेल्यावर माणूस दमलेला असतो, थंडी वाजत असते, माथा समोर दिसत असतो आणि सुट्टी संपत आलेली असते. अशा वेळी घेतलेला निर्णय चांगला निघेल याची खात्री नाही. म्हणून निर्णयाचा मोठा भाग आदल्या रात्री, उबेत बसून, पोट भरल्यावर घ्यायचा असं आम्ही ठरवलं होतं.

आमची रात्रीची बैठक अशी असायची. आधी डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन बघायचं. ही संस्था २०२० मध्ये 'सासे' या हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्या जुन्या संस्थेला आणखी एका प्रयोगशाळेशी जोडून झाली. त्यांचं बुलेटिन मोठ्या प्रदेशासाठी असतं, आपल्या घळीचं उत्तर त्यात मिळत नाही, पण सुरुवात तिथूनच करायची. मग नकाशावर उतारांचे कोन मोजायचे. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. घरातल्या जिन्याचा चढ साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो, त्यावरून कल्पना येईल: फार उभा न वाटणारा, स्की करायला सगळ्यात मजेचा वाटणारा उतारच सगळ्यात धोक्याचा. स्वित्झर्लंडचे गाईड वेर्नर मुंटर यांचा एक सोपा नियम आहे. धोक्याची पातळी पाचांपैकी २ असेल तर ४० अंशांच्या आत राहा, ३ असेल तर ३५ च्या आत, ४ असेल तर ३० च्या आत. तो नियम आल्प्समधल्या तपशीलवार बुलेटिनवर बेतलेला आहे. आमच्या गाईडने त्यातून आणखी पाच अंश कापले आणि मला ते शंभर टक्के पटलं.

वेळेचं गणितही मुंटर यांचंच. अंतर किलोमीटरमध्ये घ्यायचं, त्यात चढाईचे दर शंभर मीटरमागे एक मिळवायचा आणि बेरजेला चारने भागायचं. म्हणजे ४ किलोमीटर अंतर आणि ८०० मीटर चढ असेल तर १२ भागिले ४, तीन तास. यावरून परतीची वेळ ठरायची आणि ती वहीत लिहिली जायची. त्या वेळेला जिथे असू तिथून मागे.

शेवटचा करार असा होता: कुणीही एक जण 'नको' म्हणाला की सगळे परत. तिथे कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. बोलायचं ते घरी आल्यावर.

तो करार एका दिवशी वापरला गेला. एका खिंडीकडे निघालो होतो. खालचा टप्पा भूर्जाच्या विरळ झाडीतून, मग एक रुंद सोंड, मग खिंडीखालचा शेवटचा उतार. हवा स्वच्छ, वारा पडलेला, वेळेच्याही पुढे होतो. सोंडेच्या माथ्यावर पाणी प्यायला थांबलो तेव्हा आमच्यातला जो सगळ्यात कमी बोलतो तो म्हणाला, "मला नको वाटतंय." तिघांनी मान डोलावली, गाईडने स्किन्स काढायला सांगितलं आणि आम्ही चढलो त्याच सोंडेवरून खाली आलो. संध्याकाळी त्याने सांगितलं की उताराच्या वरच्या काठावर वाऱ्याने साठलेला बर्फ त्याला दिसला होता आणि नंतर त्याचं मन तिथून हललं नाही. तो उतार त्या दिवशी कोसळला नाही. त्यावरून तो सुरक्षित होता असं ठरत नाही आणि धोक्याचा होता असंही नाही. आम्हाला ते कधीच कळणार नाही. कळण्याची गरज पडू नये म्हणूनच करार केला होता.

उरलेलं प्रतिसादांत लिहिते.

चाफेकळी

वाचतेय. फार सुंदर लिहिलं आहेस. एक अगदी बाळबोध प्रश्न: स्की घसरायसाठी असतात, मग त्याच पायात घालून चढताना मागे घसरत कशा नाहीत? आणि ते स्किन्स काय आहे?

खिंडकरी

@चाफेकळी, बाळबोध अजिबात नाही, आमच्या घरी सगळ्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला. स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात, ती स्किन. तिच्यावर बारीक केस असतात, सगळे एकाच दिशेला वळलेले. पुढे सरकवताना केस झोपतात, मागे घसरायला लागलं की उभे राहून बर्फ धरतात. पूर्वी सीलचं कातडं वापरत, आता नायलॉन किंवा मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीची लोकर, किंवा दोन्ही मिसळून. मोहेर हलकं सरकतं, नायलॉन जास्त टिकतं.

चालताना पाय उचलायचा नाही, सरकवायचा. हे अंगवळणी पडलं की निम्मे श्रम वाचतात. चढ उभा झाला की टाचेखाली आधाराची कडी उलटवतात म्हणजे पोटरीवर ताण येत नाही. वळणावर किक टर्न, म्हणजे उभ्या जागी एकेक स्की उचलून फिरवत दिशा बदलणं, तो खाली सपाटीवर घोटूनच वर जावं.

उतरताना स्किन्स काढून घडी करून जॅकेटच्या आत ठेवायच्या. बाहेर राहिल्या तर गोंद गारठतो आणि पुढच्या चढाला त्या चिकटत नाहीत. मग दुपारभर पट्ट्यांनी बांधून चालावं लागतं.

वाटसरू_कोथरूड

मस्त धागा. मी दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड करतो, कात्रज ते सिंहगड रात्रीचा बऱ्याचदा झालाय, राजगड-तोरणाही. स्कीइंग कधी केलेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात थेट असा टूर करता येईल का? दम आहे, तब्येत चांगली आहे.

खिंडकरी

@वाटसरू_कोथरूड, दमाचा प्रश्न तुम्ही सोडवलेलाच आहे. पण थेट टूरला जाऊ नका, आधी स्की शिका. गुलमर्गला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग आहे, मनालीला अटल बिहारी वाजपेयी यांच्या नावाची पर्वतारोहण संस्था सोलंगला स्कीचे कोर्स घेते, औलीला गढवाल मंडळाचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात. एका कोर्समध्ये दाबून सपाट केलेल्या उतारावर वळता आणि थांबता येतं. टूरिंगला लागतं ते वेगळं: पाठीवर सॅक, पायाखाली कधी भुसभुशीत, कधी वरून कडक आणि आतून पोकळ असा बर्फ, आणि त्यात हवं तिथे थांबता येणं. त्यासाठी निदान आणखी एक हिवाळा गुलमर्गला घालवावा असं माझं मत आहे. तिथे गोंडोलामुळे दिवसाला बरीच उतरण पदरात पडते.

सिंहगड मात्र सोडू नका. वजन घेऊन चढा आणि शक्य असेल तेव्हा वजन घेऊनच उतरा, कारण स्कीवर मांड्या उतरतानाच जळतात. आम्ही हिवाळ्याआधी पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन हेच करत होतो.

प्राणवायू

डॉक्टर म्हणून थोडी भर घालतो. पुणे ५६० मीटर, मनाली साधारण २,००० आणि लाहौलचं गाव ३,१०० च्या घरात. बोगद्यामुळे मनाली ते लाहौल हे अंतर आता फार पटकन संपतं. पूर्वी रस्ताच तुम्हाला थांबवायचा, आता स्वतः थांबावं लागतं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला येणं, जे या मंडळींनी केलं, ते शरीराला चांगलं मानवतं.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे त्रास बरेचदा होतात. पण बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, किंवा माणूस सरळ रेषेत चालू शकत नसेल, बोलण्यात गोंधळत असेल, तर सकाळची वाट न बघता खाली न्या. फुप्फुसात किंवा मेंदूला सूज येण्याची ती चिन्हं असतात. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचं औषध आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

आणि गॉगल. ढगाळ दिवशीसुद्धा. बर्फावरून परतणाऱ्या अतिनील किरणांनी डोळे भाजतात आणि ते कळतं काही तासांनी, रात्री.

भूपृष्ठ

खिंडकरी, "धोका दोन थरांच्या मधे" हे वाक्य फार महत्त्वाचं आहे, त्यामागचं कारण सांगतो.

लाहौल पीर पंजाल डोंगररांगेच्या पलीकडे आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ आधी अलीकडच्या बाजूला बर्फ टाकतात, पलीकडे कमी पोचतो. थंडी मात्र पलीकडे जास्त. म्हणजे पातळ बर्फ आणि कडाक्याची हवा. जमिनीलगत बर्फाचं तापमान शून्याच्या आसपास राहतं. वरचा पृष्ठभाग समजा उणे १५ अंशांवर गेला आणि बर्फ एक मीटर जाड असेल, तर एका मीटरमध्ये १५ अंशांचा फरक पडला. मीटरमागे १० अंशांच्या वर फरक गेला की खालच्या थरातली वाफ वर सरकायला लागते आणि कण पुन्हा घडतात: मोठे, कंगोरेदार, एकमेकांना न धरणारे. मुठीत घेतले तर गोळा होत नाही. त्यावर नवा बर्फ पडला, वाऱ्याने दाबला गेला की वर घट्ट पाटी आणि खाली सुटे कण अशी रचना तयार होते. एका माणसाच्या वजनाने खालचा थर बसतो, ती बसकण क्षणात दूरवर पसरते आणि पाटी तुटते.

म्हणून दोन गोष्टी. एक, पायाखाली 'वुम्फ्' असा दबका आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून भेगा धावल्या तर बर्फ स्वतः सांगतोय, तिथे चर्चा नको. दोन, उताराच्या खाली सपाटीवर चालतानाही वरचा उतार सुटू शकतो. खालून चालत होतो, वर गेलोच नव्हतो, हे अशा वेळी कामाला येत नाही.

काश्मीरकडच्या बाजूला बर्फ जाड असतो, थर बरेचदा लवकर घट्ट होतात, पण एका वादळात इतका पडतो की नवा बर्फच पुरेसा धोका असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुलमर्गला अफरवत शिखराच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात दगावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच एक रशियन. गोंडोलाच्या आसपासचा पट्टा गस्तीपथक बघतं. त्याच्या बाहेर पाऊल टाकलं की तुम्ही निर्जन डोंगरात आहात, मग लिफ्ट कितीही जवळ दिसत असो.

निर्भीड

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एक जण घाबरला म्हणून चौघांची सुट्टी आणि पैसे वाया घालवायचे, हे मला पटत नाही. मग गाईड कशाला घेतला? त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. सगळ्यात भित्र्या माणसाने सगळ्यांचा डोंगर ठरवायचा असेल तर कुणीच कुठे पोचणार नाही. आमच्या कड्यांवरच्या मोहिमांत असं केलं असतं तर एकही सुळका झाला नसता.

खिंडकरी

@निर्भीड, राग कशाला, हाच प्रश्न आम्ही पुण्यात निघायच्या आधी एकमेकांना विचारला होता.

गाईडचा 'नको' अंतिम असतोच, त्यावर कुणाचं मत घेतलं जात नाही. पण गाईडचा 'हो' आम्हाला पुरेसा नाही. त्याला डोंगर कळतो. माझे पाय थरथरताहेत, माझं लक्ष उडालंय, मला मागच्या वळणावर काहीतरी दिसलंय, हे फक्त मला कळतं. ते सांगायला जागा ठेवायची असेल तर सांगणाऱ्याला कारण सिद्ध करायला लावून चालत नाही.

सुळक्याशी तुलना मला लागू वाटत नाही. सुळक्यावर तुम्ही दोराला असता, एकाचं चुकलं तर खाली दोर धरून बसलेला पकडतो, आणि खडक सहसा काल होता तसाच आज असतो. बर्फाच्या उतारावर एकाच्या वळणाने सगळे एकाच वेळी गाडले जाऊ शकतात. मग एकाला नकाराचा हक्क असणं जास्तीचं वाटत नाही.

आणि सुट्टी वाया गेली नाही. त्या सोंडेवरची उतरण हा आमचा सगळ्यात आनंदाचा तास होता.

भूपृष्ठ

@निर्भीड, यावर अभ्यास झालेला आहे. इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतले १९७२ ते २००३ मधले ७१५ हिमस्खलन अपघात तपासले. त्यात हिमस्खलनाचं शिक्षण घेतलेले लोकही होते. त्यांनी सापळे मांडले ते असे: ओळखीची जागा, इतरांना आवडावं ही ओढ, एकदा ठरवलं म्हणजे करायचंच, जाणकार बरोबर आहे म्हणून बिनधास्त, इतर लोक आजूबाजूला आहेत म्हणून आलेलं धैर्य, आणि ताज्या बर्फावर आपली पहिली रेघ उमटावी ही घाई. तुमच्या प्रतिसादात यातले दोन मला दिसतात. हे टोचायला लिहीत नाही. माझ्याही डोक्यात ते असतात, म्हणूनच कागदावर लिहून नेतो.

सुभेदार_सातारा

नमस्कार. सैन्यात होतो, बर्फात नोकरीची बरीच वर्षं गेली. गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये शिकलो. ही शाळा १९४८ सालापासून चालू आहे.

ताई, तुमचा करार चांगला आहे. फौजेत हुकूम असतो, मत नसतं, पण शहाणा कमांडर पुढच्या जवानाचं तोंड बघूनच हुकूम देतो.

माझ्याकडून काही गोष्टी. धोक्याचा उतार ओलांडायचा तर एकेकाने. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहायचं आणि डोळे त्याच्यावरच ठेवायचे. फोटो नाही, गप्पा नाही. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढायचे. तो वाहून गेलाच तर शेवटचा कुठे दिसला ती जागा नजरेने धरून ठेवायची, कारण शोध तिथून खाली सुरू होतो. मदत मागवायला एकाने फोन करावा, बाकी सगळ्यांनी लगेच शोधायला लागावं. पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढलेल्या माणसाची आशा खूप असते, त्यानंतर ती झपाट्याने उतरते. हेलिकॉप्टर तेवढ्या वेळात येत नाही. त्याला वाचवणारे तुम्हीच, जे वर उभे आहात.

२०१६ मध्ये सियाचेनवर सोनम चौकी गाडली गेली, लान्स नायक हणमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि नंतर दिल्लीत रुग्णालयात वारले. त्यांचं नाव घेतलं की माझी मान आपोआप खाली जाते. तरुण पोरं ही गोष्ट ऐकून म्हणतात, बर्फाखाली माणूस जगतो. बाळांनो, नाही जगत. बाकीचे नऊ जण गेले.

तुळशीवृंदावन

माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. इन्स्टाग्रामवर बघून एका ग्रुपबरोबर असाच टूर करायचा म्हणतोय. मी नाही म्हटलं तर तो न सांगता जाईल अशी भीती वाटते. संयोजकांना नेमकं काय विचारू? फोनवर ते सगळं "काळजी नको आंटी" इतकंच सांगतात.

खिंडकरी

काकू, तुम्ही अडवण्यापेक्षा विचारायचं ठरवलंत ते फार चांगलं केलंत. मी असते तर हे विचारलं असतं.

गाईडने बर्फाचं आणि हिमस्खलनाचं शिक्षण कुठे घेतलंय? एका गाईडमागे किती मुलं? प्रत्येकाला बीकन म्हणजे गाडलेला माणूस शोधता यावा म्हणून अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र, फावडं आणि प्रोब म्हणजे टोचायची घडीची काठी मिळणार का? प्रत्येकाला, ग्रुपमागे एक नव्हे. पहिल्या दिवशी त्यांचा सराव घेणार का? सरावाशिवाय बीकन म्हणजे गळ्यातला ताईत. अपघात झाला तर माणूस खाली कसा आणणार, जवळचं रुग्णालय कोणतं, विमा स्कीइंगला आणि डोंगरातून सुटका करायला लागू आहे का? पुष्कळ पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात, ती ओळ स्वतः वाचा.

आणि एक प्रश्न नक्की: हवा बिघडली तर काय करता? "बेत बदलतो, गरज पडली तर दिवसभर घरात बसतो" असं उत्तर आलं तर मला बरं वाटेल. "आम्ही समिट करवतोच" असं उत्तर आलं तर मी माझ्या भावालाही पाठवणार नाही.

मुलाला हा धागा वाचायला द्या. त्याला इथे यायला सांगा, आम्ही त्याच्याशी बोलू.

चाफेकळी

खाण्याचं काय करता? आणि प्यायचं पाणी गोठत नाही?

खिंडकरी

नळीची पिशवी नेऊ नका, नळी पहिल्या तासात गोठते. थर्मास आणि रुंद तोंडाची बाटली, बाटली सॅकमध्ये उलटी ठेवायची, कारण बर्फ वरून धरतो. चॉकलेटचे बार दाताने तुटेनासे होतात. आईने दिलेली गूळपापडी आतल्या खिशात ठेवली की शेवटपर्यंत मऊ राहिली, आणि दाण्याचे लाडू तर गाईडनेच संपवले. संध्याकाळी घरात गरम थुक्पा मिळायचा. एकदा मी मेतकूट भात केला, घरातल्या आजींना तो इतका आवडला की उरलेलं मेतकूट त्यांनाच देऊन आले.

वाटसरू_कोथरूड

कोर्सची चौकशी सुरू केली. अजून दोन शंका. सामान विकत घ्यावं की भाड्याने? आणि फोनला रेंज नसेल तिथे सॅटेलाइट फोन न्यावा का?

खिंडकरी

बूट शक्य झालं तर स्वतःचे घ्या, पायात नीट बसणारे. बूट चावला तर बाकी सगळं व्यर्थ. स्की, स्किन्स, बीकन गुलमर्गला भाड्याने मिळतात, मनालीकडे तुरळक. आमचं निम्मं सामान भाड्याचंच होतं.

सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे. खिशातले उपग्रह मेसेंजर नेणाऱ्यांवरही विमानतळांवर कारवाई झालेली आहे. परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून मागवू नका. आम्ही गावात रोजचा मार्ग आणि परतीची वेळ लिहून ठेवत होतो आणि त्या वेळेनंतर कुणाला फोन करायचा ते घरच्यांना माहीत होतं. काश्मीरला जाणार असाल तर बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं, हे निघायच्या आधी बघा.

आणखी एक. सिस्सूच्या बाजूला हिवाळ्यात गावांचे सण असतात आणि त्या काळात पंचायतींनी पर्यटन बंद ठेवल्याचं झालेलं आहे. तारखा ठरवण्याआधी गावात फोन करून विचारा आणि नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. आपण त्यांच्या अंगणातून स्की करत असतो.

निर्भीड

सगळे प्रतिसाद वाचले. कराराबद्दल माझं मत पूर्ण बदललं नाही, कारण विचारायचंच नाही हे मला अजून जड जातं. पण सुभेदारांचा प्रतिसाद दोनदा वाचला. बीकन शोधायचा सराव पुण्यात बर्फाशिवाय करता येतो का?

खिंडकरी

येतो, आणि आम्ही तसाच केला. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतो, त्याला बर्फ असो की गवत, फरक पडत नाही. एकाने 'सेंड'वर ठेवलेला बीकन पिशवीत घालून झुडपात लपवायचा, दुसऱ्याने 'सर्च'वर ठेवून घड्याळ लावून शोधायचा. बीकनच्या पडद्यावरचा बाण सरळ रेषेत नेत नाही, वळणावळणाने नेतो, कारण तो चुंबकीय क्षेत्राच्या रेषेवरून चालवतो. हे पहिल्यांदा करताना सगळे गोंधळतात, म्हणूनच ते इथे टेकडीवर झालेलं बरं. तीन मीटरच्या आत आलं की बीकन जमिनीलगत धरायचा आणि सावकाश हलवायचा. शोधताना मोबाइल निदान ५० सेंटिमीटर लांब ठेवायचा, एरवी २० सेंटिमीटर.

फावड्याचा सरावही हवा. खरा वेळ खणण्यातच जातो. गाडलेल्याच्या वर उभं राहून खणायचं नसतं, उताराच्या खालच्या बाजूने आत शिरायचं.

येत्या रविवारी सकाळी सातला वेताळ टेकडीवर, मंदिरापाशी जमूया का? बीकन दोन आहेत, अल्कलाइन सेल मी आणते.

सुभेदार_सातारा

मी पहाटेच्या एसटीने येतो. फावडी दोन आणतो. वाळूचा ढीग कुठे मिळेल ते बघा, टेकडीवर खणायचं नाही.

वाटसरू_कोथरूड

आमच्या सोसायटीचं बांधकाम चालू आहे, वाळू आहे. सेक्रेटरींना विचारून ठेवतो. टेकडीवरून उतरून तिकडे जाऊ.

तुळशीवृंदावन

मुलगा येतोय. मी पण आले तर चालेल ना?

खिंडकरी

या काकू. एक बीकन तुमच्या हातात देते.